राहीबाईचा अंगठा

एकदा एक वकील आपल्या गुरूंकडे तणतणत आला. गुरू म्हणजे कोर्टाच्या आवारातल्या लहानशा खोलीत बसणारे वृद्ध नोटरी. शिष्यालाही नोटरी व्हायचे होते. त्याची वकिलीची दहा वर्षे पूर्ण झाली होती, शुल्क भरले होते, अर्ज तयार होता.

“दहा वर्षं वकिली, वर फी, मग मुलाखत! बँक मॅनेजरची सही आणा, व्यापाऱ्याची आणा, प्रतिष्ठितांच्या आणा. कशासाठी सर? एक शिक्का मारायला? तो तर शिपाईही मारील!”

त्याचा संताप अगदीच अनाठायी नव्हता. सरकारी दारी चपला झिजवलेल्या कोणालाही तो पटेल.

इतक्यात एक व्यापारी आत आला. शिष्याच्या अर्जावर सही करणारा तो हाच. त्याने टेबलावर एक मुखत्यारपत्र ठेवले. राहीबाई नावाची विधवा आपले राहते घर विकण्याचा अधिकार त्याला देत होती. खाली अंगठा उमटलेला होता. राहीबाई मात्र आलेली नव्हती; टेबलासमोरची तिची खुर्ची रिकामीच होती.

“म्हातारीला गुडघ्यांमुळे उठवत नाही हो. अंगठा घरूनच घेऊन आलोय. तेवढा शिक्का द्या.”

“मारून टाका ना सर,” शिष्य म्हणाला. “शेठ आपलेच आहेत.”

वृद्धांनी शिक्का शिष्याच्या हाती दिला. मग खुर्चीवरचा पंचा उचलून त्याच्या डोळ्यांवर करकचून बांधला.

“मार आता.”

शिष्याने हात उचलला, पण तो तसाच थांबला. “सर, कागदच दिसत नाही. न पाहता कसा मारू?”

“कागद दिसेना तर हात थांबला!” वृद्ध कडाडले. “बाई दिसत नव्हती, तेव्हा का नाही थांबला? शिक्क्यावर लिहिलंय, ‘माझ्यासमक्ष’. कोणासमक्ष रे? उद्या तिची भांडीकुंडी रस्त्यावर आली, तर कोर्ट तिचं रडणं ऐकणार नाही, हा शिक्का बघेल. शिक्का कोणीही मारील. ‘मारणार नाही’ म्हणायला माणूस लागतो. त्याच्यासाठी मागतात ती दहा वर्षं, आणि तू ती फीच्या पावतीसारखी नाचवतोस!”

शिष्याने पंचा सोडला आणि शिक्का टेबलावर ठेवला.

व्यापारी तडकला. “वकीलसाहेब, तुमच्या अर्जावर माझी सही आहे, विसरू नका.”

शिष्याने अर्ज काढला आणि त्या सहीवर आडवी रेघ ओढली. मुखत्यारपत्र हाती घेऊन, त्यावरचा पत्ता वाचून तो गुरूंना म्हणाला, “चला सर, बाईलाच विचारून येऊ.”

राहीबाई भेटली ती नळावरून हंडा घेऊन येताना. गुडघे ठणठणीत होते. अंगठ्याचे विचारताच ती म्हणाली, “शेठनं घेतला की. रेशनचा कागद हाय म्हनला.”

शिष्याने पुढे होऊन तिच्या डोक्यावरचा हंडा उतरवला, उंबऱ्यावर बसला आणि तो कागद तिला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवू लागला.

ज्याच्या हाती शिक्का आहे, त्याने आधी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहावे.