दिवस भरलेलं ऐन

वेळणे गावच्या तळीत ऐनाचे काळपट ओंडके बुडालेले दिसतात. ओलं ऐन इतकं जड की पाण्यावर तरंगत नाही, दगडासारखं तळाला जाऊन बसतं. पाहुणे विचारतात, एवढं चांगलं लाकूड चिखलात का घातलंय? मग देवळातले गुरवबाबा त्यांना पायरीवर बसवून सांगू लागतात.

फार पूर्वी गावात नारोबा मेस्त नावाचा सुतार होता म्हणे. त्याची एकुलती लेक आवडी खाडीपलीकडे दिलेली, पहिलटकरीण. पलीकडे सुईण नव्हती. भागी सुईण इकडची. आणि गावची एकुलती होडी त्या शिमग्यात खडकावर आपटून फुटली. रानवाटेने जायचं तर दोन दिवस. ठरलं असं, की कळा सुरू झाल्या तर पलीकडून धूर करायचा, सुखरूप सुटका झाली तर माडाला पांढरं धोतर बांधायचं.

नारोबाच्या जिवाला थारा उरला नाही. त्याने उभं ऐन तोडलं, ओल्याच फळ्या कापल्या आणि वैशाखाच्या उन्हात पसरल्या. लाकूड वरून वाळलं, पोटात ओलंच राहिलं. फळ्या वाकू लागल्या, टोकाशी फाडकन तडकू लागल्या. तो आवाज आला की नारोबा जेवता जेवता उठून धावायचा.

"अहो, सावलीत तरी ठेवा," बायको रखमा म्हणाली.

"सावलीत वर्ष जाईल. पोरीकडे आहे का वर्ष?"

भेगांत राळ भरून त्याने होडी उभी केली. ज्येष्ठात एका सकाळी धूर दिसला. भागीला बसवून त्याने वल्हं मारलं. खाडीच्या मधोमध तळाची फळी पिळली, उभी चिरली, आणि होडी खाली गेली.

काठावरच्या कोळ्यांनी पोहत जाऊन नारोबाला अलीकडे ओढून काढलं. पाणी उपसायची घागर पालथी धरून भागी भरतीबरोबर वाहत गेली. कुठे गेली ते कुणाला दिसलं नाही. दिवसभर नारोबा ओल्या कपड्यांनी काठावर येरझारा घालत राहिला. बसवलं तरी उठायचा. ऊन कललं, तेव्हा कुठे पलीकडच्या माडावर धोतर फडफडलं.

चौथ्या दिवशी भागी रानवाटेने परतली. नारोबाने तिचे पाय धरले.

"नातू झालाय. तुझ्यावर गेलाय, घटकाभर स्वस्थ पडत नाही," ती म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "मेस्त्री, आवडीला नऊ महिने लागले, ते तू थांबलासच ना? मग लाकडाचे दिवस का भरू दिले नाहीस?"

नारोबाने तिथेच शपथ घेतली, भागीने दिवस भरले म्हटल्याशिवाय ऐनाला हत्यार लावणार नाही. पुढचं ऐन त्याने पावसाळाभर तळीत ठेवलं, मग टोकांना शेणमाती लिंपून सावलीत वाळवलं. नऊ महिने, नऊ दिवस. ती होडी त्याच्या नातवाच्या नातवाने वल्हवली, असं सांगतात.

आजही वेळण्यात सुतार आपल्या मनाने ऐनाला हत्यार लावत नाही. भागीच्या घराण्यातली थोरली बाई येते, वाळलेल्या ओंडक्यावर तळहात ठेवते, कान लावून ऐकते. सुतार तासणी हातात घेऊन चुळबुळत उभा असतो. कधी कधी ती मान हलवून तशीच परत जाते. आणि कधी म्हणते, "भरले हो दिवस. घे."