वाघिणीचा मुखवटा

या कथेच्या काही पाठांत मुखवटा अस्वलाचा आहे. प्रस्तुत पाठात तो वाघिणीचा आहे. फार पूर्वी धावजी सुताराने जत्रेसाठी तो कोरला. मुखवटा जिवंत वाटला नाही, तर मुखवटा कोरण्याचा घराण्याचा मान दुसऱ्याकडे जाणार होता. तो घेऊन धावजी पाणवठ्यावर गेला, तिथे एका वाघिणीने तो पाहिला आणि विचारले,

"हिची दाढ दुखतेय का?"

"बाई, वाघीण म्हटली की दात दिसायलाच हवेत."

"याच दातांनी मी पिल्लू उचलते, दादा."

घरी बायको लेकीला रागे भरत होती, तरी अलगद उचलून घेत होती. तो चेहरा पाहून धावजीने नवा मुखवटा कोरला. जत्रेत तो मुखवटा नाचू लागला, तेव्हा रानाच्या कडेला बसलेले त्या वाघिणीचे पिल्लू आईला सोडून मुखवट्यामागे चालू लागले.