तिसरे मुसके

“पण बुवा, रानात तण औषधालाही उरलेलं नाही. मग कोळपं कशासाठी?”

मैराळबुवांनी मान वर केली नाही. देवळाच्या ओसरीवर खांबाला टेकून ते काथ्याच्या दोरीचे मुसके विणीत होते. उभ्या पिकात औत चालताना बैलांनी ताटांना तोंड लावू नये म्हणून त्यांच्या मुखाला बांधावयाची ती जाळी. दोन विणून झाली होती. बुवांच्या हाती तिसरे होते.

प्रश्न विचारणारा विश्वंभर हा बाभूळदऱ्याचाच मुलगा. चार वर्षे परगावी शास्त्र शिकून नुकताच परतला होता. वाणी अशी, की ऐकणाऱ्याच्या हातातला घास हातातच राहावा. त्याची इच्छा एकच होती. गावच्या सप्ताहात शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन करावे आणि ते बुवांच्या आज्ञेने करावे.

परंतु दोन वर्षे सप्ताहच झाला नव्हता. पंगतीची भाकरी देवाच्या आठ एकर काळ्या रानातल्या ज्वारीचीच व्हावी, असा गावाचा जुना नेम. दोन वर्षे कणसात दाणा भरला नाही, आणि विठ्ठलापुढची चूल पेटली नाही.

म्हणून बुवांनी विश्वंभराला सांगितले होते, “देवाचं रान यंदा तू कर. दाणा भरला तर सप्ताह होईल. सप्ताह झाला तर काला तुझा.”

त्याने कसूर केली नव्हती. हस्त नक्षत्राचा एकच पाऊस झाला. त्या ओलीवर त्याने पेरणी साधली, दोनदा कोळपे फिरवले, आणि पुढे उकिडवे बसून उरलेले तण एकेक करून हाताने वेचले. आठ एकरांत हिरवे म्हणून जे काही होते, ती ज्वारीच होती. आठवा आठवडा लागला. गावात तिसऱ्या कोळपणीची औते जुंपली गेली. विश्वंभराचे औत मात्र गोठ्यातच उभे राहिले.

“तण मारण्यासाठी कोळपं,” तो म्हणाला. “ज्याच्या अंगी पापच नाही, त्याला प्रायश्चित्त कसलं?”

एवढ्यावर तो थांबला नाही. रान म्हणजे मन, तण म्हणजे षड्रिपू, आणि रिपू निमाल्यावर साधनाचे ओझे वाहणे म्हणजे पैलतीरी पोचल्यावर नाव डोक्यावर घेऊन चालणे, असे त्याने ओघवत्या भाषेत मांडले. दर्शनाला आलेली माणसे उंबऱ्याशी थबकली. एका म्हाताऱ्याने तर डोळे मिटून मान डोलावली.

बुवा ऐकत राहिले...

“झालं?”

“झालं.”

“बरं.”

आणि त्यांनी तिसऱ्या मुसक्याची शेवटची गाठ आवळली.

त्या ‘बरं’ला विश्वंभराने आपला विजय मानले.

दोन आठवडे गेले. आभाळ घासलेल्या ताटासारखे स्वच्छ. देवाच्या रानात दुपार झाली की पाने वळून पुंगळ्या होऊ लागल्या. मातीला भेगा पडल्या. आधी बोटाएवढ्या, मग मनगटाएवढ्या. पण बांधापलीकडे सुंदराकाकूंची दोन एकर ज्वारी काळीभोर उभी होती. माती तीच, पाऊस तोच, पेरणीचा दिवसही तोच.

सुंदराकाकूंनी एकटीच्या बळावर मुले वाढवली होती आणि बैलही. बांधावर उभा असलेला विश्वंभर पाहून त्यांनी कंबरेवर हात ठेवला.

“महाराज, तुमचं रान लई सोवळं बगा,” त्या म्हणाल्या. “आमच्यात आपल्या चार गवताच्या काड्या हायती. म्हून बसलो कोळपत.”

विश्वंभर एकही दृष्टांत न देता माघारी वळला. ती पहिली वेळ.

दुसऱ्या दिवशी तांबडे फुटताच तो बुवांपुढे जाऊन उभा राहिला. पर्जन्यासाठी अकरा दिवसांचे अनुष्ठान करण्याची आज्ञा द्यावी, अन्नाचा कण न घेता आपण एकट्याने ते पार पाडू, असे त्याने विनवले. पाने आणखी आठ दिवस वळत राहिली तर पोटरीतले, पानांच्या पोंग्यातले कणीस पोटरीतच सुकेल, आणि विठ्ठलाची चूल तिसऱ्या वर्षीही थंड राहील, हेही त्याने सांगितले.

बुवांनी मुंडासे बांधले. खुंटीवरचे तिसरे मुसके काढून कमरेला खोचले.

“चल.”

देवाच्या रानात शिरताच त्यांनी काठीने एक भेग दाखवली.

“हात घाल.”

विश्वंभराने हात घातला. कोपरापर्यंत आत गेला. बोटांना तुटलेली मुळे लागली, उसवलेल्या शिवणीच्या दोऱ्यांसारखी.

“काढ. आता तळवा नुसता वर धर.”

त्याने भेगेच्या तोंडावर तळवा धरला. गार पहाट होती. भेगेतून उबदार श्वास येत होता. थोड्या वेळाने त्याने तळवा उलटून पाहिला. ओलसर झाला होता.

“काय आहे?”

“ओल, बुवा.”

“कुठं निघालीय?”

विश्वंभराने वर पाहिले. वर काहीच नव्हते...

बुवा बांध ओलांडून सुंदराकाकूंच्या रानात गेले. तिथे एकही भेग नव्हती. दोन ओळींमध्ये माती भुसभुशीत पडली होती, चुलीतल्या राखेसारखी.

“इथं उकर.”

विश्वंभर उकरू लागला. एक बोट, दोन बोटे, चार बोटे. नुसती धूळ. त्याच्या मनात क्षणभर समाधान आले, आणि त्या समाधानाची लगेच लाजही वाटली. पाचव्या बोटाला माती गार लागली. त्याने मूठभर काढून दाबली. तिचा लाडू वळला.



“वर तर राख आहे, बुवा.”

“आहे.”

“आणि खाली...”

“आहे.”

“ही राख केली कुणी?”

“तिच्या कोळप्यानं.”

पूर्वेला उजाडत होते. विश्वंभराच्या मुद्रेवर काहीतरी उमटले, आणि सवयीप्रमाणे त्याचे ओठ उघडले.

“म्हणजे बुवा, शास्त्रात जे म्हटलं आहे, की अंतरीचा ओलावा...”

बुवांनी कमरेचे मुसके काढून त्याच्या तळहातावर, त्या मातीच्या लाडवाशेजारी ठेवले.

विश्वंभर गोंधळला. “बैल दोनच आहेत, बुवा.”

“मोजता येतं मला,” बुवा म्हणाले, आणि बांधाबांधाने परतले.

त्या सकाळी देवाच्या रानात औत जुंपले गेले. ढवळ्या आणि मोऱ्या यांच्या तोंडाला मुसकी होती. तिसरे विश्वंभराच्या कमरेला बांधलेले होते. दातेरी कोळप्याने तो ओळीमागून ओळ माती फोडीत गेला. जिथे भेग रुंद होती तिथे औत थांबवून खुरप्याने माती लोटली, तळव्याने दाबली, ओलीवर झाकण म्हणून वर धूळ पसरली. चार दिवस औत चालले. पुढचे पाच दिवस तो एकटाच गुडघ्यांवर होता. एवढ्या दिवसांत त्याच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. नंतरही निघाला नाही.

देवळात बोलणे सुरू झाले. शास्त्रीबुवांची वाचा गेली म्हणे. कुणी म्हणाले, अंगात आले. कुणी म्हणाले, रागावला आहे.

सुंदराकाकूंनी ते ऐकून घेतले. “बैलाला मुसकं घातलं म्हंजे बैल मुका झाला व्हय?” एवढेच विचारून त्या पाण्याला निघून गेल्या.

चढाकडची दीड एकराची पट्टी गेली ती गेलीच. तिथली मुळे वेळेआधीच तुटली होती. पण उरलेल्या रानात औत जुंपल्यापासून सहाव्या दिवशी पाने उलगडली. थंडी वाढली, दव पडू लागले. मार्गशीर्षाच्या अखेरीस पोटऱ्या फुटल्या, आणि पौषात कणसे अशी बाहेर आली, की ताटे त्यांच्या भाराने वाकली. जणू साडेसहा एकर रान एकाच वेळी नमस्कार करीत होते.

फाल्गुनात खळ्यावर रास पडली. मोत्यासारखी शुभ्र, माणसाच्या छातीइतकी उंच. बुवांनी राशीला हळदकुंकू वाहिले. दोन वर्षे ज्या हातांना काम नव्हते, त्या शंभर हातांनी पीठ मळले. विठ्ठलापुढची चूल पेटली. भाकरीचा वास वेशीपर्यंत गेला. सात दिवस टाळ थांबला नाही, आणि सात दिवस कुणी उपाशी उठला नाही.

आठव्या दिवशी सकाळी काला.

मंडपाबाहेरही माणसे उभी होती. विश्वंभर धुतलेले धोतर, खांद्यावर उपरणे आणि कमरेला ते मुसके अशा वेषात आला. पुढच्या रांगेत बसलेल्या सुंदराकाकूंनी पदर तोंडाला लावून हसू दाबले.

बुवांनी हात पुढे केला.

विश्वंभराने गाठ सोडली, आणि मुसके त्यांच्या हाती दिले.

मृदंगावर थाप पडली. वीणेकऱ्याने तार छेडली. टाळकरी दोन्ही बाजूंना सिद्ध झाले. विश्वंभराने पाऊल उचलले... आणि कीर्तनाच्या गादीच्या काठाशीच थबकला. ओठ हलले. शब्द आला नाही. अडीच महिन्यांनी ही जीभ हलत होती, आणि समोर सारा गाव होता.

त्याने वाकून बुवांच्या कानाशी तोंड नेले.

“घसा कोरडा पडला आहे, बुवा.”

बुवांनी मुसके झोळीत टाकले. मग त्यांनी त्याच्याकडे पाहिले, बऱ्याच दिवसांनी, पूर्ण डोळे उघडून.

“वरची चार बोटंच ना?” ते म्हणाले. “मग उभा राहा.”