गोजराचा राघू

गोजरा गेल्याची बातमी बोरसावळीत आली तेव्हा धुंडागीर महाराज मठाच्या पायरीवर बसले होते. त्या साली महाराजांचा मुक्काम बोरसावळीतच होता. निरोप्या आधी मठात आला, कारण लिंबाजी बुरूड तिथेच टोपल्या विणत होता. गोजरा ही लिंबाजीची बायको. बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती. तिथे ताप आला आणि तापातच गेली. निरोप पोचेपर्यंत तिकडे सगळं उरकलं होतं.

निरोप्याने तिचं गाठोडं पुढे ठेवलं. लिंबाजीने ते उचलून आपल्या शेजारी ठेवलं. मग पुन्हा टोपली विणायला लागला. कोणी त्याला थांबवलं नाही. ज्याच्या घरी असं झालेलं आहे त्याला याचं नवल वाटणार नाही.

गाठोड्यात लुगडं होतं आणि हातभर पांढरं कापड. त्या वर्षी चैत्राच्या उत्सवाला देवाच्या डोक्यावर बांधायचा चांदवा सगळ्या गावाने मिळून करायचा होता. घरटी एक तुकडा, आणि त्यावर त्या घरच्या बाईने भरलेलं काम. गोजराने राघू काढला होता. चोच झाली, मान झाली, डावा पंख झाला. उजवा पंख सुरू होऊन राहिला होता. सुई तिथेच टोचलेली होती आणि तिच्यात वीतभर हिरवा दोरा होता.

दिवसपाणी झाल्यावर लिंबाजी तो तुकडा घेऊन देशमुखांच्या वाड्यावर गेला. चांदवा जोडायचं काम भागीरथीबाई देशमुखीण बघत होत्या. त्यांच्यासारखा टाका पंचक्रोशीत कोणाचा नव्हता, आणि हे त्या स्वतःच सांगत.

त्यांनी तुकडा दोन बोटांनी उचलला. "लिंब्या, हा राघू आहे का अर्धी उपटलेली कोंबडी?"

बायका हसल्या.

"राघूच आहे, बाईसाहेब."

"आणि ही सुई? देवाला टोचायची का?"

"काढवली नाही मला. दोरा तोडवला नाही."

"अरे, अर्धं काम देवाच्या डोक्यावर घालतात का? मेलेल्या माणसाचं! घरी ने. फडताळावर घाल."

"तिच्या लई मनात होतं. तेवढंच राहिलंय बघा माझ्याकडं."

"मनात पुष्कळांच्या असतं!"

लिंबाजी तुकडा घेऊन मठात आला. महाराजांनी तो मांडीवर पसरला, राघूवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बाईंना सांग, आहे तसा जोडा. सुईसकट."

महाराजांचा शब्द मोडणार कोण? भागीरथीबाईंनी तुकडा जोडला, पण पार कडेला, खांबाजवळ. कोणाला दिसू नये असा.

उत्सवाचा दिवस आला. बोरसावळीची एक जुनी चाल आहे. त्या दिवशी गावात कोणी सुईत दोरा ओवत नाही. सुईच्या नेढ्याला इथे डोळा म्हणतात, आणि त्या डोळ्यात गेलेला दोरा देवाच्या डोळ्यात जातो, असं मानतात. म्हणून सुया आदल्या दिवशीच डब्यात बंद होतात.

दुपारी मठाच्या मंडपात भजन चाललं होतं आणि वावटळ उठली. चांदव्याची मधली शिवण टरकली, ती सरळ कडेपर्यंत उसवत गेली आणि गोजराच्या तुकड्याशी येऊन थांबली. दोन्ही पदर खाली लोंबले. खाली नंदादीप जळत होता. चार गड्यांनी कापड हातांवर तोलून धरलं, पण वारा थांबेना.

"शिवा कोणीतरी!"

"आज? सुई ओवायची? देवाचा डोळा फोडता का?"

भागीरथीबाईंचं तोंड उतरलं. शिवण त्यांचीच होती.

महाराज बसल्या जागेवरून म्हणाले, "ओवू नका. ओवलेली आहे."

सगळ्यांच्या माना वर गेल्या. खांबाजवळ, राघूच्या पंखात, गोजराची सुई तशीच होती.

"बाई, हात तुमचा चांगला आहे. घ्या ती."

भागीरथीबाई चौरंगावर चढल्या. त्यांनी सुई काढली. दोरा वीतभर, शिवण सगळ्या मंडपाएवढी. एक टाका घातला, दुसरा घातला. दोरा संपेना! त्या ओढत गेल्या आणि दोरा येत गेला. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी शिवण हिरव्या दोऱ्याने मिटली. शेवटी पाहिलं तर सुईत दोरा होता तेवढाच, वीतभर.

देवा, काय ही तुझी करणी!

भागीरथीबाई खाली उतरल्या आणि महाराजांच्या पायांवर पडल्या. महाराजांनी पाय मागे घेतले. "मी काय शिवलं? जिने ओवली तिला नमस्कार करा."

मग देशमुखीणबाईंनी भर मंडपात त्या कडेच्या तुकड्यापुढे डोकं टेकलं. उठल्या आणि लिंबाजीला म्हणाल्या, "लिंबाजी, चुकले मी. तू म्हणशील तर हा पंख मी पुरा करते. माझ्या हातानं."

लिंबाजीने महाराजांकडे पाहिलं. त्यांनी दोरा पुरवला होता, पण गेलेलं माणूस आणून दिलं नव्हतं, आणि लिंबाजीने ते मागितलंही नव्हतं.

"राहू द्या, बाईसाहेब," तो म्हणाला. "सुई होती तिथं टोचा फक्त."

त्यांनी तशी टोचली.

तो चांदवा अजून बोरसावळीच्या मठात दर चैत्रात बांधतात. राघूचा उजवा पंख भरायचा राहिला आहे.