पाचवं कुलूप

"चाचा, मेन स्विच मी कधी चालू करणार?"

शार्दुलने हे तिसऱ्यांदा विचारलं. सकाळचे आठ वाजले होते.

कादरचाचा मुजावर बुटाची नाडी बांधत होते. ती बांधून झाली. मग दुसऱ्या बुटाची बांधली.

"बंद करता येतं?"

"पाठ आहे सगळं."

"म्हण."

शार्दुल खटावकर म्हणजे दोन डिग्र्या, एक चष्मा, आणि तोंडाला ब्रेक नाही. माळावरच्या या सॅटेलाइट स्टेशनात येऊन त्याला चारच महिने झाले होते. पण त्याची टक्केवारी इथल्या सरड्यांनासुद्धा पाठ झाली होती.

त्याने धडाधड म्हणून दाखवलं. आधी आभाळात सिग्नल सोडायचं बंद. मग डिशचं तोंड सरळ वर. मग तिच्या मानेत लोखंडी खुंटी, म्हणजे वाऱ्याने हलायला नको. मग जनरेटरचा ऑटो बंद, नाहीतर लाइट गेली समजून ते येडं आपलं आपण धडधडायला लागतं. सगळ्यात शेवटी मेन स्विचचा दांडा खाली.

"आणि चालू करायचं तर?"

"हेच सगळं उलटं."

चाचांनी नाडीची गाठ ओढून बघितली.

"एवढंच?"

"एवढंच."

"मग अजून नाही," चाचा म्हणाले आणि उठले.

शार्दुलचं तोंड कारलं चावल्यागत झालं. चाचा दहावी नापास. तीस वर्षं ग्रीसमध्ये हात. आणि साहेबांनी काय लिहून द्यावं? तर चाचा हो म्हणेपर्यंत शार्दुलच्या हातात स्टेशन नाही. म्हणजे घोडा डर्बीचा आणि लगाम टांगेवाल्याकडे, असं शार्दुलचं म्हणणं. तोंडावर नाही, मनात.

इथली एक रीत होती. डिशवर जो चढेल, त्याने आधी मेन स्विचच्या दांड्याला आपलं कुलूप लावायचं. किल्ली आपल्याच खिशात. काम उरकून खाली उतरलं की आपलं आपण काढायचं. पाच जण चढले तर पाच कुलपं. एक जरी लटकत राहिलं, तरी दांडा वर जात नाही.

त्या दिवशी पाच लागली. गिअरमध्ये ग्रीस भरायचं होतं. भरताना डिश हाताने जराजरा फिरवावी लागते, म्हणून मानेतली खुंटीही काढलेली. शार्दुल खाली, कंट्रोल रूममध्ये. राखण.

बारा वाजता चौघं उतरले, आपापली कुलपं काढली आणि जेवायला पळाले.

बारा बारा झाले नि फोन वाजला. साहेब.

"समुद्रात वादळ उठलंय. बारा चाळीसला सॅटेलाइट आपल्या डोक्यावरून जाणार. ढगांचे फोटो पाहिजेत. बोटी आत गेल्यात रे. पुढचा फेरा थेट रात्री. होईल ना?"

"झालंच समजा, सर."

फोन ठेवून शार्दुलने दांड्याकडे पाहिलं. एक कुलूप लटकत होतं. चाचांचं.

त्याने खिडकीतून बघितलं. समोर कँटीनच्या बाकावर चाचा बसलेले, बशीतल्या चहावर फुंकर मारत.

शार्दुल हसला. दुसऱ्याला शहाणपण शिकवतो, आणि स्वतः कुलूप विसरून चहा ढोसतोय.

"चाचा ओ!"

माळावरचा वारा. हाक गेली उडत.

कँटीन दोनशे पावलांवर. जाऊन किल्ली आणता आली असती. पण साहेबांच्या ड्रॉवरमध्ये जादाच्या किल्ल्या होत्या, अडीअडचणीला म्हणून. वादळ म्हणजे अडचण नाही तर काय? आणि खरं सांगायचं तर पोटात गुदगुल्याही होत होत्या. दांडा आज मी वर करणार. मी.

ड्रॉवर उचकण्यात दहा मिनिटं गेली. किल्ली सापडली.

खट्.

कुलूप खिशात. दांडा वर.

आता गंमत अशी की लाइट आली की ती डिश कुणाची वाट बघत नाही. बंद व्हायच्या आधी जिथे तोंड होतं, तिकडे आपसूक वळते. संध्याकाळी गोठ्याकडे निघालेली म्हैसच. मध्ये कोण उभंय, म्हशीला काय त्याचं.

कंट्रोल रूममधले दिवे लागले. पण डिश हूं नाही की चूं नाही.

शार्दुलने दांडा खाली केला. परत वर केला.

काही नाही...

दांडा खाली करून तो बघायला बाहेर पळाला. शिडीखाली उभं राहून त्याने मान वर केली.

डिशच्या मानेतून, दोन गिअरच्या मधोमध, दोन पाय लोंबत होते. कमरेच्या वरचा माणूस आत.

बूट ओळखीचे.

"...चाचा?"

"पाना राहिला होता," आतून आवाज आला. "चहा पिताना आठवलं. सापडला बघ."

शार्दुलने शिडी धरली. शिडी हलायला लागली. मग त्याला कळलं, शिडी नाही हलत.

चष्मा पडला, तो उचलायचंही सुचलं नाही. डोळ्यासमोर एकच. दांडा वर. एकदा... आणि परत एकदा.

चाचा सावकाश उतरले. पाना पायरीवर ठेवला. शार्दुलकडे बघितलं.

"किती वेळा केलास?"

"दोनदा."

चाचांनी मान डोलावली. खिशात हात घातला आणि मूठ त्याच्यापुढे उघडली. पांढरे, चिनीमातीचे, तीन फ्यूज. डिशच्या मोटरचे.

"हे... हे यादीत नाहीये."

"नाहीये."

"रोज काढता?"

"वर चढलो की काढतो."

"पण कुलूप असतं ना चाचा. मग हे कशाला?"

"तीस वर्षं काढतोय," चाचा म्हणाले. "लागले आज."

त्याने खिशातून कुलूप काढलं आणि दोन्ही हातांनी पुढे केलं, देवळात नारळ द्यावा तसं.

"हे तुमचं."

चाचांनी घेतलं. फडक्याने पुसून खिशात टाकलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कानफटात मारली असती तर अजून बरं.

आत फोन वाजायला लागला. बारा एकतीस.

चाचांनी डिशच्या पायाशी असलेली फ्यूजची पेटी उघडून तिन्ही फ्यूज जागेवर बसवले. मग शिडीशी येऊन वर बघितलं, आत बघितलं, डिशला एक चक्कर मारली, आणि वर तोंड करून मोठ्याने विचारलं, "कोण आहे का?"

कोणी नव्हतं. तरी ते थांबले.

परत विचारलं.

मग दोघं आत गेले. शार्दुल दाराशीच भिंतीला टेकला.

"चाचा, तुम्हीच करा चालू. मला नाही जमायचं."

"का?"

"हात थरथरतोय."

"बघू."

चाचांनी त्याचं मनगट धरलं, वैद्य नाडी बघतो तसं. डोळे मिटले. फोन वाजत होता...

"हां," ते म्हणाले. "आता तू कर."