तानीच्या सात दशम्या

एकदा काय झालं, मोठा दुष्काळ पडला. राजाची माणसं आली आणि तानीच्या आईला भाकऱ्या थापायला राजवाड्यावर घेऊन गेली. वर्ष झालं, आई काही परत येईना. मग तानी म्हणाली, "आजी, मीच आणते तिला."

आजीनं दुधात पीठ भिजवून सात दशम्या केल्या. फडक्यात बांधल्या. म्हणाली, "ह्या तुझ्या आईला. वाटेत उष्ट्या करू नकोस हं!"

"मग मी काय खाऊ?"

"मिळेल काहीतरी. मोठ्यांना उलट विचारू नये."

वाट तीन दिवसांची आणि पोरीच्या हातात पैसा नाही. म्हातारीचंच चुकलं, बरं का. आम्हा म्हाताऱ्यांना राखून ठेवायची भारी खोड.

पहिल्या दिवशी एक खाणावळ लागली. आत पिठलं रटरटत होतं. खाणावळवाली म्हणाली, "ये गं. पैसे नकोत. आईची एक आठवण दे."

तानीला वाटलं, फुकटच की! तिनं आईची अंगाई दिली आणि पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी दुसरी खाणावळ. भरली वांगी होती. तिथं तिनं आईचा आवाज दिला.

तिसऱ्या दिवशी गुळाची खीर. आता उरला होता आईचा चेहरा. तानीनं फडक्याची गाठ चाचपली. पण सोडली नाही. मग खीर खाल्ली.

राजवाड्यात शंभर चुली. राजा म्हणाला, "आई ओळख आणि घेऊन जा. एकदाच फिरायचं. बायकांनी बोलायचं नाही."

तानी निघाली. एका चुलीवर भाकरी करपली, कारण थापणारीचे हात थांबले होते. तानी तिच्याही पुढं गेली. शंभर चुली संपल्या.

मग ती त्या करपलेल्या भाकरीच्या चुलीपाशी मागं आली. "मावशी, रडू नका. ह्या दशम्या घ्या. माझ्या आईच्या होत्या, पण ती काही सापडली नाही."

"अगं, मीच ती!"

"असाल हो. मला आठवत नाही."

राजानं काही आईला सोडलं नाही. मग तानीच तिथं राहिली, शेजारच्या चुलीवर. आई तिला रोज पहिली भाकरी द्यायची. रोज तीच अंगाई म्हणायची. तानीला ती रोज नवी वाटायची. अशा त्या दोघी सुखानं राहिल्या म्हणे.

झोपा आता. उद्या गावाला निघालात की डबा मी भरून देईन. भूक लागली की सोडायचा आणि खायचा. कुणासाठी राखलात तर बघा!