शेठच्या शर्टाचा डाग

कासारमळ्याच्या बायकांनी ‘शुभ्रधारा’ पावडर घेणं बंद केलं, तेव्हा कारखान्याचे मालक धनावडेशेठ स्वतः गावात आले. कारखान्याचा पाइप ओढ्यात सुटतो, पाणी निळं आणि चिकट होतं, हे त्यांना सांगून सांगून बायका थकल्या होत्या.

“तेच तेच किती उगाळाल?” शेठ वैतागले. “पावडर कशी आहे ते बघा की!” त्यांनी हातातला चहा स्वतःच्याच पांढऱ्या शर्टावर सांडला. “हा डाग निघाला, तर पुन्हा माझीच पावडर घ्यायची. नाही निघाला, तर पाइप बंद करतो. बोला!”

“कबूल. काढा शर्ट,” हौसाक्का म्हणाल्या. “पावडर लावून घासते आणि ओढ्यात खळबळून आणते.”

“ओढ्यात?” शेठनी शर्ट घट्ट धरला. “अहो, वाटोळं होईल त्याचं! माझ्या गाडीत बाटल्यांचं पाणी आहे, ते घ्या.”

“बाटल्या तुमच्याकडे आहेत, शेठ. आमच्याकडे ओढाच आहे. शर्ट तरी द्या, नाहीतर पाइप तरी बंद करा.”

शेठनी शर्टाकडे पाहिलं, हसणाऱ्या बायकांकडे पाहिलं आणि चरफडत कारखान्याच्या मॅनेजरला फोन लावला.